पस्तीस किलो, पण कशाचे?

लहान मुलांच्या ज्युडो स्पर्धेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली? मॅट नव्हे, अंगातला तो जाड पांढरा ज्युडोगीही नव्हे. वजनकाटा! काट्यावर जो आकडा उमटतो त्यावरून पोरगं कुणाशी खेळणार हे ठरतं, आणि बरेचदा त्या सकाळी ते नाश्ता करणार की नाही हेही. माझं म्हणणं एवढंच आहे की दहा-अकरा वर्षांच्या मुलाबद्दल हा आकडा फार थोडं सांगतो, आणि आपण मात्र त्याच्या जिवावर फार मोठे निर्णय घेतो. आपल्या भारतीय मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. का, ते पुढे येईलच.

आधी हा विषय माझ्या डोक्यात कुठून शिरला ते सांगतो. माझा भाचा तीन वर्षं ज्युडो शिकतोय. वय अकरा. मध्यंतरी ताईचा फोन आला, "अरे, त्याच्या सरांनी सांगितलंय, स्पर्धेच्या आधी वजन पस्तिसाच्या आत आण. चार दिवस आहेत. रात्रीचं जेवण बंद, पाणी बेताने. खालच्या गटात बसला तर मेडल नक्की म्हणतात. तुला काय वाटतं?" ताईने हे मला विचारायचं कारण म्हणजे घरात एक्सेल मला येतं. घरातला कुठलाही आकडा शेवटी माझ्याकडे येतो, मग तो इन्कम टॅक्सचा असो नाहीतर भाच्याच्या वजनाचा.

तर आकडाच बघू. भाचा ३६.७ किलो. त्यातले १.७ कमी करायचे म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त. माझं वजन ७४. माझ्या मापात हे जवळजवळ साडेतीन किलो झाले, तेही चार दिवसांत. आता एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, आणि या वयाचा खेळणारा मुलगा दिवसाला दोन हजाराच्या आसपास कॅलरी खर्च करतो. म्हणजे चार दिवस पोराला अक्षरशः उपाशी ठेवलं तरी हिशोब किलोभर चरबीवर संपतो. मग पावणेदोन किलो जातात कुठून? पाण्यातून. स्नायूंमध्ये साठवलेल्या साखरेतून, कारण तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. आणि पोटातल्या अन्नातून. थोडक्यात काय, तर ज्या गोष्टींच्या जोरावर तो खेळणार त्याच काढून टाकायच्या आणि मग त्याला मॅटवर सोडायचा.

"पण सगळेच करतात," असं सर म्हणाले म्हणे. यात तर गंमतच आहे. सगळेच जर दोन किलो उतरवून आले, तर प्रत्येक गटात तीच मुलं समोरासमोर येतात, फक्त सगळी तहानलेली! कुणाचाच फायदा नाही. आणि एकट्याने न करणारा मात्र मार खातो. आमच्या क्षेत्रात रात्री दहापर्यंत ऑफिसात बसण्याचं जे होतं, तेच हे.

बरं, गट नसावेत असं मी म्हणत नाही. पंचवीस किलोच्या मुलासमोर पंचेचाळीस किलोचा उभा केला तर काय होईल ते सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे की एकाच वजनाची दोन मुलं खरंच 'सारखी' असतात का.

समजा दोन मुलं आहेत, दोघंही बरोब्बर ३५ किलो. एकाच्या शरीरात १५ टक्के चरबी आहे, दुसऱ्याच्या २८ टक्के. पहिल्याकडे स्नायू, हाडं, पाणी, अवयव मिळून २९.७५ किलो, दुसऱ्याकडे २५.२. म्हणजे साडेचार किलोचा फरक, आणि काट्याला त्याचा पत्ताही नाही. काट्याच्या दृष्टीने ही दोघं जुळी भावंडं. शिवाय पहिला कदाचित चार इंच उंच असेल, किंवा जानेवारीत जन्मलेला असेल आणि दुसरा डिसेंबरमध्ये. वयोगट जन्मसालावरून पाडले की हे होतंच. अकराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे काही थोडे नव्हेत.

इथे आपल्या मुलांची गोष्ट वेगळी कशी, ते सांगायला पुण्याचीच दोन उदाहरणं आहेत. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून याला 'वाय-वाय पॅरॅडॉक्स' म्हणतात. एका फोटोत सगळं सांगून टाकणारी याहून चांगली स्लाइड मी आजवर पाहिलेली नाही, आणि मी स्लाइड बऱ्याच पाहतो.

दुसरं उदाहरण तान्ह्या बाळांचं. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. म्हणजे आपली सगळ्याच बाबतीत लहान असणार, असं वाटेल. पण तसं नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, पण आतून चरबी धरून ठेवणारं शरीर. अशा मुलाच्या बाबतीत 'वजन कमी करा' या सूचनेचा अर्थ काय होतो, विचार करा. कमी होण्याच्या यादीत त्याचे स्नायू आधीच मागे आहेत, आणि आपण त्यालाच म्हणतोय की अजून थोडे दे.

याचा एक उपाय निघालाय, तो म्हणजे बीएमआयच्या रेषा आपल्या मुलांसाठी खाली आणणं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते काढले (त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा), त्यांत जास्त वजनाची रेषा मोठ्यांच्या २३ बीएमआयला जुळवलेली आहे, २५ ला नाही. चांगली गोष्ट आहे. डॉक्टरांच्या खोलीत हे तक्ते हवेतच. पण बीएमआय काही झालं तरी वजन आणि उंचीचाच खेळ. वजन कशाचं, हे तो सांगत नाही.

मग चरबी मोजणारे काटे? हल्ली ते प्रत्येक जिममध्ये आणि निम्म्या घरांत आहेत. अनवाणी उभं राहायचं, पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह जातो आणि मोबाइलवर टक्केवारी येते. हे यंत्र चरबी मोजत नाही, हे लक्षात घ्या. ते शरीराचा विरोध मोजतं, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं, पाण्यावरून स्नायू वगैरेंचा आणि उरलेली ती चरबी. अंदाजावर अंदाज. आता मोठ्या माणसाच्या चरबीविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, मुलांच्या त्याहून जास्त. काट्यातलं सूत्र मोठ्यांसाठी असेल तर मुलाचं उत्तर चुकणारच. आणि पाणी न पिता आलेल्या मुलाचं तर विचारूच नका. भाच्याने आमच्या घरच्या काट्यावर सकाळी आणि खेळून आल्यावर संध्याकाळी उभं राहून दोन वेगवेगळे 'मी' काढून दाखवले. त्याला फार मजा वाटली. दंडाच्या मागची आणि खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्याने धरून मोजायची जुनी पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते, पण तिला सवयीचा हात लागतो.

आता पकडीकडे येतो. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच.

ज्युडोत ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याचा कपडा धरायचा, एका हाताने बाही आणि दुसऱ्या हाताने कॉलर, आणि तिथून सगळं सुरू. पकड बसली नाही तर डाव नाही. पकड सुटली तर डाव अर्धा. जी मुलं नुसत्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने कपडा ओढतात ती लगेच दमतात; चांगले शिक्षक करंगळी आणि अनामिकेने धरायला शिकवतात. (मल्लखांब केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.) तेव्हा ज्युडोच्या मुलांची हाताची पकड मोजावी हे कुणालाही सुचेल. तसं मोजणारं यंत्रही साधं असतं. डायनॅमोमीटर म्हणतात त्याला. मूठ आवळायची, किलोत आकडा येतो. चांगल्या बुटांच्या जोडीच्या किमतीत मिळतो.

मी घेतला. रविवारी घरात रांग लागली. भाचा उजव्या हाताने १६.४, डाव्याने १५.१. माझे ४१ आले, भावजींचे माझ्यापेक्षा जास्त आले, त्याबद्दल इथे अधिक लिहायची गरज नाही.

जपानमध्ये शाळेतल्या मुलांची ही पकड सर्रास मोजतात. १९९९ पासूनच्या तिथल्या सरकारी शारीरिक चाचणीत ती आहे, अगदी पहिलीच्या पोरापासून आजोबांपर्यंत. आपल्या फिट इंडियाच्या शाळकरी चाचणीत बीएमआय आहे, पुश-अप्स आहेत, ६०० मीटर पळणं आहे, पण पकड नाही. मोठ्यांच्या बाबतीत पकडीचं महत्त्व आता बऱ्यापैकी सिद्ध झालंय. भारतासह १७ देशांतल्या माणसांवरचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात पकड दर पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. मुठीत आयुष्य असतं असा याचा अर्थ नाही. मूठ ही सगळ्या शरीराच्या स्नायूंची पावती असते, एवढंच.

मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात बोलका वाटला तो इंग्लंडमधल्या एसेक्सचा अभ्यास. तिथे १९९८ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दहा वर्षांच्या मुलांची मोजणी झाली. दहा वर्षांत बीएमआय जवळपास तोच राहिला. पण पकड, सिट-अप्स, दांड्याला लोंबकळून राहणं, सगळं घसरलं होतं. नुसता काटा बघणाऱ्या माणसाने 'काही बदल नाही, सगळं ठीक' असा रिपोर्ट दिला असता. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे आणि सर्व्हर बसलेला!

पण थांबा. पकड मोजायची म्हटल्यावर लगेच यादी करून 'वरची दहा मुलं निवडा, बाकीची घरी' असं कुणी सुरू करू नये, कारण या आकड्यातही एक सापळा आहे. मुलांची पकड सगळ्यात जास्त कशाबरोबर वाढते? वय, उंची आणि शरीराच्या आकारमानाबरोबर. मुलगे आणि मुली बाराव्या वर्षापर्यंत जवळपास बरोबरीने चालतात, मग मुलग्यांचा आकडा उसळी घेतो. जपानी मोजण्यांत दहा वर्षांच्या मुलग्याची पकड सोळा-सतरा किलोच्या आगेमागे असते आणि सतराव्या वर्षी चाळिसाच्या. उंची सगळ्यात वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये बाराव्या आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कुणाचा वर्ष-दीड वर्ष आधी, कुणाचा तितकाच उशिरा. आणि ताकदीची उसळी उंचीच्या मागून काही महिन्यांनी. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या दहा मुलांची पकड मोजून जो पहिला येतो तो बहुतेक वेळा चांगला ज्युडोपटू नसतो, लवकर वयात आलेला मुलगा असतो. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. तोवर त्यातले निम्मे 'तुझ्यात दम नाही' हे ऐकून क्रिकेटकडे गेलेले असतात.

हाच सापळा 'ज्युडोने मुलांची पकड वाढते, चरबी घटते' या वाक्यातही आहे. या विषयावरचे बरेचसे अभ्यास छोटे असतात: ज्युडो करणारी काही मुलं, न करणारी काही मुलं, दोघांना एकदा मोजायचं, सरासरी काढायची. ज्युडोवाली सरस दिसली तर श्रेय ज्युडोला. पण जी मुलं मुळातच दणकट होती तीच टिकली आणि बाकीची सोडून गेली, असंही असू शकतं ना? क्लासच्या जाहिरातीत हा प्रश्न येत नाही. त्यातल्या त्यात खात्रीने सांगता येतं ते असं की वयात येण्यापूर्वी व्यायामाने ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या तालमीने. स्नायू फुगत नाहीत, पण असलेले स्नायू एकत्र आणि वेळेवर कामाला लागायला शिकतात. म्हणून अकराव्या वर्षी दंड मोजण्यात काही अर्थ नाही. आणि तो दोनशे रुपयांचा स्प्रिंगवाला ग्रिपर आणून पोराला टीव्हीसमोर दाबत बसवण्यातही नाही. दोरावर चढू दे, झाडाला लोंबकळू दे.

मोठ्या ज्युडोपटूंवरच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आलीये. एकदाच जोर लावून काढलेल्या कमाल आकड्यात अव्वल खेळाडू आणि साधारण खेळाडू यांच्यात विशेष फरक दिसत नाही. फरक असतो तो पकड टिकवण्यात, पुन्हा पुन्हा धरण्यात. आणि हे टिकणं नेमकं कशाने बिघडतं? पाणी आणि साठवलेली साखर कमी पडल्याने. म्हणजे फिरून आपण त्या पावणेदोन किलोंपाशीच आलो.

वजन उतरवण्याचे टोकाचे परिणाम जगाने पाहिलेत. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या आधी दक्षिण कोरियाचा ज्युडोपटू चुंग से-हून वजन उतरवत असताना हृदय बंद पडून गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने याच प्रकारात गेले. त्यानंतर तिथे नियम आले. शाळेच्या कुस्तीतही आता लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे ना ते बघतात, आणि मुलग्यांना ७ टक्के व मुलींना १२ टक्के चरबीच्या खालचं वजन धरू देत नाहीत. विनेश फोगाटचे २०२४ चे शंभर ग्रॅम तर आपण सगळ्यांनीच रात्रभर मोजले. पण ती सगळी मोठी माणसं होती, निर्णय त्यांचा होता. अकरा वर्षांच्या मुलाचा निर्णय कुणाचा असतो?

जपानला हा प्रश्न पडला. ज्या देशात १८८२ मध्ये जिगोरो कानोंनी ज्युडो सुरू केला, त्याच देशाच्या ज्युडो महासंघाने मार्च २०२२ मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद करून टाकली. पाचवी-सहावीच्या मुलांची स्पर्धा होती ती. अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, १९८४ चे ऑलिंपिक विजेते. म्हणजे जिंकण्याचं महत्त्व न कळणारा माणूस नव्हे. कारण दिलं ते असं की काहीही करून जिंकण्याचं वेड फार वाढलंय: लहान मुलांना वजन उतरवायला लावणारे शिक्षक, पंचांवर ओरडणारे पालक. तिथे गदारोळ झाला, 'मुलांचं स्वप्न हिरावलं' वगैरे. मला तो निर्णय धाडसी वाटतो, आणि बरोबरही. पण आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलावा असं मात्र वाटत नाही. जपानमध्ये शाळाशाळांत ज्युडो आहे, एक स्पर्धा गेली तरी खेळ राहतो. आपल्याकडे स्पर्धा गेली तर हॉलचं भाडंही निघणार नाही.

मला जास्त पटते ती फ्रान्सची पद्धत. तिथे ज्युडो करणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात आहे आणि त्यात बहुसंख्य लहान मुलंच. त्यांच्या सगळ्यात लहान गटांच्या स्पर्धांत आधीपासून ठरलेल्या वजनाच्या रेषाच नसतात. मुलं येतात, वजन होतं, आणि जवळजवळच्या वजनांची चार-पाच मुलं एकत्र करून त्यांचा गट करतात. फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. बस. रेषाच नाही, तर रेषेच्या आत यायला कोण उपाशी राहील? किलोभर उतरवून आलात तर किलोभर हलक्या मुलांत पडाल, पण त्यातही कोण येणार हे आदल्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं. नियम न करता, उपदेश न करता, लबाडीचा फायदाच काढून घेतला. असं डिझाइन बघितलं की मला खरंच आनंद होतो.

भाच्याचं काय झालं, तर ताईने सरांना सांगितलं की तो आहे त्या वजनात खेळेल. सर नाराज झाले. तो वरच्या गटात दोन लढती जिंकला, तिसरी हरला, आणि त्याच्या वहीत आता दर तीन महिन्यांनी तीन आकडे लिहिले जातात: उंची, वजन, पकड. दोन्ही हातांनी तीन-तीनदा, कोपर काटकोनात, यंत्राची मूठ त्याच्या पंजाच्या मापाला लावून. मूठ मोठी राहिली तर आकडा उगाच कमी येतो. तुलना फक्त त्याच्याच मागच्या पानाशी. उंची आणि वजन वाढलं आणि पकड काही काळ जागच्या जागी राहिली तर काळजी नाही, वाढीच्या वयात तसं होतं. वजन आणि पकड दोन्ही खाली गेली तर मात्र ज्युडो थांबवून डॉक्टरकडे जायचं, असं ताईने आणि मी ठरवलंय.

भारताला जागतिक ज्युडो स्पर्धेतलं पहिलं पदक २०२२ मध्ये सारायेवोला मिळालं. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने कॅडेट गटात, ५७ किलोत, थेट सुवर्णच आणलं. कॅडेट म्हणजे पंधरा ते सतराची मुलं. अकराव्या वर्षीचं जिल्ह्याचं मेडल तिथवर नेत नाही, अकराव्या वर्षी खेळ न सोडणं नेतं.

आता कामाचं. फ्रान्ससारखे गट पाडणं म्हणजे वजनाप्रमाणे यादी लावायची आणि वरून चार-चार मुलं उचलत जायचं, मध्ये दहा टक्क्यांहून मोठी फट आली की तिथे नवा गट. दीडशे मुलांसाठी दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या ओळखीत कुणी मुलांच्या स्पर्धा भरवत असेल तर त्यांना सांगा, शीट मी फुकट बनवून देतो. मॅक्रोसुद्धा लागत नाही. :)